ब्रेक आधी दाखवा

डोणगावचा गोविंदा बांधावरची सुबाभूळ कापत होता तेव्हा त्याचा डावा हात गेला. तुटला नाही, पण मनगटाच्या वर असा फाटला, की नंतर त्या हाताची मूठच वळेना. झाडं कापायच्या पेट्रोल मशीनच्या पट्टीचं टोक फांदीला लागलं आणि मशीन उसळली. अशा वेळी पट्टीवरची दातेरी चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. त्यासाठी पुढच्या मुठीसमोर एक आडवी दांडी असते. मशीन उसळली की ती दांडी पुढे ढकलली जाते आणि आतला ब्रेक चेनला धरतो. गोविंदाच्या मशीनला दांडी होती. आत धरणारं काही नव्हतं.

मशीन गावातल्याच शेखरच्या दुकानातली. कंपनीचं नाव कुठे नव्हतं, नुसतं गरुडाचं चित्र. गोविंदाची बायको रुख्मिणी ती पोत्यात घालून दुकानात गेली. शेखरनं पोत्याचं तोंडही सोडलं नाही.

"मशीन चालवणाऱ्याले अक्कल लागते, वहिनी. त्यात माझा काय दोष?"

"उघडून तं पाहा. ब्रेक लागतच नाई."

"वापरलेल्या मालाची आपली जबाबदारी नाई."

ती पोतं उचलून घरी आली. गोविंदा ओसरीवर हात गळ्यात बांधून बसला होता. त्याच्यासमोर पोतं ठेवून ती म्हणाली, "आता मशीन मी चालवीन."

काम तिला नवं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती त्याच्या बरोबरीनं बांध तुडवत आली होती. फांद्या ओढायच्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, संध्याकाळी चेनमधला भुसा काढायचा. फक्त मशीन हातात घ्यायची तेवढी राहिली होती.

"माह्या हाताचं झालं ते दिसत नाई का तुले?" गोविंदा म्हणाला. "तुह्याही हाताचं तेच व्हाव का?"

"दिसते म्हणूनच दुसरी घेईन. पाहून घेईन."

तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिनं त्या दोन दिवसांत दोन बकऱ्या विकल्या आणि खामगावची एसटी धरली.

खामगावात नारायणरावांचं शेती औजारांचं जुनं दुकान आहे. भिंतीला लाल, हिरव्या, नारंगी मशीनी ओळीनं टांगलेल्या. नारायणराव ताकद किती, पट्टी केवढी, हे सांगू लागले. रुख्मिणीनं त्यांना मध्येच थांबवलं.

"काका, ब्रेक आधी दाखवा. मंग उघडून दाखवा."

"नवी मशीन उघडली तं दुसरं गिऱ्हाईक घेत नाई, बाई. तुमाले बॅटरीवाली देतो. हलकी हाये, बायामाणसाले बरी."

"बांधावर तिचं चार्जर कुठी लावू? बाभळीले?"

नारायणराव दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. रुख्मिणी दुकानातल्या बाकड्यावर बसली. गिऱ्हाइकं आली, गेली. नारायणराव जेवून आले तरी ती तिथंच होती.

"अजून बसून हायेत तुमी?"

"मालकाचा हात गेला, काका. न पाहता मशीन नेणार नाई. आन घेतल्याबिगर जाणारबी नाई."

 शेवटी नारायणरावांनी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथं लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या मशीनी होत्या. त्यांनी एकेक टेबलावर घेतली.

लाल मशीन जोरदार होती. जुनाट लाकडातही दबत नाही, असा तिचा लौकिक. पण तिच्या हवेच्या फिल्टरपर्यंत पोचायचं तर वेगळ्या चावीचे स्क्रू काढावे लागत, आणि पार्ट बाहेरून मागवावे लागत. हिरवी दिसायला देखणी, हाताला हलकी. पण तिची चेन ताणायचा स्क्रू दातांच्या अगदी जवळ, बोट तिथंच न्यायला लागायचं. नारंगी जुन्या घडणीची, जड, बेढब. तिचा फिल्टर एका खटक्यानं निघत होता. प्लग आणि पट्टीचे नट एकाच पान्यानं उघडत होते, चेनचा स्क्रू बाजूला होता. रुख्मिणीनं तिन्हींच्या दांड्या पुढे ढकलून चेन ओढून पाहिली. तिन्ही ब्रेक पक्के होते.

"खरं सांगा," तिनं विचारलं, "दुरुस्तीले कोणती जास्त येते?"

नारायणरावांना हा प्रश्न बहुधा कुणी विचारला नसावा. ते जरा हसले. "येतात सगळ्याच. लाल कमी येते, पण आली की महिना पडून राह्यते. नारंगी जास्त येते, पण चहा होईस्तोवर वापस जाते."

"मंग नारंगीच द्या."

"जड हाये, बाई."

"पाण्याचा हंडा काय हलका राह्यते?"

पहिलं काम मिळालं रामरावांच्या शेतात. तेही सहज नाही. "बाईच्या हातात मशीन, आन काही झालं तं माह्या शेतात," असं म्हणून त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा ती मशीन घेऊनच बांधावर उभी राहिली, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. सकाळी बरं चाललं. उन्हं चढली आणि नारंगी मशीन भकभक करून बंद पडली. विहिरीवरची माणसं काम टाकून बघायला आली.

"सांगतलं होतं मी," रामराव म्हणाले.

 रुख्मिणीनं खाली बसून फिल्टर काढला, भुशानं गच्च भरलेला. तो आपटून, झटकून पुन्हा लावला आणि मशीन सुरू करायचा दोर ओढला. मशीन चालेना. परत ओढला, परत. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. माणसं हसू लागली होती. तेवढ्यात मागून आवाज आला,

"ओव्हर झाली. प्लग काढ. पूस, आन प्लग बाजूले ठेवून दोर ओढ."

गोविंदा होता. घरून कुणाला न सांगता आला होता आणि लांब लिंबाखाली बसून सगळं बघत होता. त्यानं मशीनवर पाय देऊन ती जमिनीशी घट्ट धरली. रुख्मिणीनं प्लग पुसला, दोर ओढून आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर काढलं, प्लग बसवला. पुढच्या ओढीला मशीन चालू झाली. संध्याकाळपर्यंत सुबाभूळ आडवी होती. त्या दिवसापासून चेनला कानस लावायचं काम गोविंदानं स्वतःकडे घेतलं. चेन शिकंज्यात आवळायची आणि उजव्या हातानं एकेका दाताला धार लावायची.

इथं थांबली असती तरी तिचं पोट चाललं असतं. पण एका बाजारच्या दिवशी तिला अमडापूरचा एक माणूस गरुडाची नवी मशीन खांद्यावर टाकून जाताना दिसला. पुढच्या बाजारी ती दोन्ही मशीनी घेऊन शेखरच्या दुकानासमोर पोतं अंथरून बसली. गोविंदा शेजारी.

"मशीनी बंद हायेत, भेऊ नका," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. "दांडी पुढं ढकला. हातात जाड कापड धरा आन चेन ओढून पाहा."

लोक ओढून पाहत. नारंगीची चेन हलत नसे. गरुडाची सरसर फिरे. मग त्यांची नजर गोविंदाच्या हाताकडे जाई, आणि तो हात तो झाकत नसे.

शेखर दुकानातून उतरून आला. "माह्या धंद्यावर पाय काऊन देऊन राह्यली? पोलिसात देईन."

"द्या. ही मशीन संगं घ्या. साह्यबालेही चेन ओढाले लावीन."

गर्दीतलं कुणी हसलं नाही. शेखर आत गेला. संध्याकाळी त्याचा माणूस निरोप घेऊन आला: नवी मशीन फुकट देतो, फक्त इथून ऊठ.

"त्याले सांग, फुकट नको," रुख्मिणी म्हणाली. "त्या दुकानाच्या काचेतल्या गरुडाच्या मशीनी खाली उतरव म्हणा."

त्यानं उतरवल्या, पण बऱ्याच उशिरानं. ओळखीच्याला आतून अजूनही देतो, असं लोक म्हणतात. म्हणून रुख्मिणीनं बाजार सोडला नाही. बांधावरचं काम आता तिच्याकडे चालून येतं. रामरावांनी दुसऱ्या शेतातलं कामही तिलाच दिलं. परवा ती अमडापूरच्या बाजाराला निघाली, तेव्हा गोविंदा म्हणाला, "तिथी शेखरच्या साडूचं दुकान हाये बरं, गरुडवालंच. भांडण होईन."

"मालूम हाये," ती म्हणाली, आणि मशीनींचं पोतं त्याच्या उजव्या खांद्यावर दिलं. "चला, एसटी निघून जाईन."