लाल शाईतली अकरा नावे

१९ जून २०१३, बुधवार. पहाटे पाचला जाग. डाव्या गुडघ्याची सूज कमी. शालीकरामच्या बांधीत धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायला माणसे सकाळीच गेली. नंदाबाईने आंब्याच्या रायत्याची वाटी पाठवली, मेथी थोडी जास्त पडली आहे. दुपारी कोहमाऱ्याकडच्या नव्या इंग्लिश शाळेचे सर आले, नाव उमेंद्र. दीड तास बसले. इंग्रजी चांगले बोलतात. यंदा पहिलीत जाणाऱ्या मुलांची नावे विचारली, वहीतून काढून दिली. चहा दोनदा केला. साखर संपत आली आहे.

एवढं लिहून सुशिलाबाईंनी पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि कधी नव्हे ते गुणगुणत भाताचं आधण ठेवलं.

हिरडगावात त्यांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. लक्ष्मीचंद गुरुजींची बायको, म्हणून मास्तरीनबाई. गुरुजी जाऊन नऊ वर्षं झाली तरी हाक तीच राहिली होती. वडील रेल्वेत गार्ड, गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर आणि नन्सची शाळा, असं त्यांचं माहेर. त्या शाळेतल्या सिस्टर मुलींकडून रोज पाच ओळींची डायरी लिहून घेत आणि शनिवारी तपासत. नियम एकच, लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं असेल तर ज्या दिवशी चूक कळेल त्या दिवसाच्या पानावर दुरुस्ती लिहायची. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन त्या या गावात आल्या. शाळा सुटली, सिस्टर सुटल्या, पण पाच ओळी सुटल्या नाहीत. पन्नास वर्षांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत वर्षवार लावलेल्या होत्या.

त्या वह्यांमध्ये गावात जन्मलेलं प्रत्येक मूल लाल शाईने लिहिलेलं होतं. त्याचंही कारण होतं. पूर्वी शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला पोराची जन्मतारीख विचारली, तर तो म्हणायचा, "धान कापून झाले होते, तवा झाला." मग गुरुजी अंदाजाने एक जुलै टाकून मोकळे होत. वर्गातली तीस मुलं एकाच दिवशी जन्मलेली! एकदा बायकोची वही चाळताना गुरुजींना दोन बाळांच्या तारखा सापडल्या, आणि तेव्हापासून दाखल्याची वेळ आली की लोक सरळ सुशिलाबाईंच्या ओसरीवर येऊ लागले. "मास्तरीनबाई, आमच्या पोट्ट्याची तारीख काढून द्या जी." पुढे ग्रामपंचायतीचे दाखले आले, अंगणवाडीचं रजिस्टर आलं, तरी लोकांचा भरवसा लाल शाईवरच होता.

उमेंद्र सरांना हे कोणीतरी सांगितलं असणार. ते मोटारसायकलवरून आले, बूट दाराबाहेर काढले आणि "गुड आफ्टरनून, मॅडम" म्हणाले. सुशिलाबाईंच्या तोंडून उत्तर आपोआप इंग्रजीत निघालं. ते इतकं सरळ आणि न अडखळता निघालं, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पन्नास वर्षांत या ओसरीवर त्यांच्याशी कोणी इंग्रजीत बोललं नव्हतं. उमेंद्र सर म्हणाले, तुमचे उच्चार आमच्या मुलांनी ऐकायला हवेत. मग त्यांनी नावं विचारली. सुशिलाबाईंनी चष्मा लावला, सन २००७ची वही काढली आणि अकरा नावं सांगितली, बापाच्या नावासकट, घराच्या खुणेसकट, तारखेसकट. आठ गावातली, तीन वरच्या टोल्यावरची, गावाबाहेरच्या वस्तीतली. टोल्याची तीन नावं सरांनी लिहून घेतली नाहीत. तिथवर गाडी जात नाही, म्हणाले.

शुक्रवारी भूमेश्वरी आली. ती गावच्या जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका. गुरुजींच्याच हाताखाली अक्षरं गिरवून मोठी झालेली, त्यामुळे सुशिलाबाईंना आजी म्हणायची.

"आजी, वह्या काढा. यंदा पहिलीला किती आहेत?"

"अकरा," सुशिलाबाई म्हणाल्या. वही वरच होती. बुधवारपासून पेटीत गेलीच नव्हती.

"मग जमलं!" भूमेश्वरीने सुस्कारा सोडला. "चौथीचे गेले की पट सोळावर येऊन राहिला आजी. वीसच्या खाली गेलेल्या शाळा शेजारच्या गावात जोडणार, असं मीटिंगमध्ये बोलून राहिले. आपल्या मुलांना जोडून देतील तर चार किलोमीटर जंगलातून जावं लागेल. गावातले जातीलही कोणाच्या गाडीवर बसून. टोल्यावरची नाही जाणार. ती घरीच बसतील."

मग तिने आपल्या कामाचं सांगितलं. सोमवारी शाळेत पालकांची सभा होती. नव्याने नाव घालणाऱ्या आईबापांना शाळेची ओळख करून देणारं एक पान हवं होतं. अक्षर आजींचं, शब्द आजींचे. सभेत वाचूनही त्यांनीच दाखवायचं.

सुशिलाबाईंनी अकरा नावं पुन्हा सांगितली.  पण उमेंद्र सर आले होते हे त्या बोलल्या नाहीत. आला होता एक माणूस, त्यात सांगण्यासारखं काय, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

शनिवारी दिवस कलताना भूमेश्वरी परत आली, ती पायऱ्यांवरच बसली.

"आजी, आठही घरी माझ्या आधी कोणी जाऊन आलं. नाव घेऊन. शालीकरामदादांच्या नातवाची तारीख त्याच्या आईला आठवत नव्हती, ती त्या इंग्लिश शाळेच्या माणसाने तिला सांगितली! टाय देऊन गेला, छोटासा, इलॅस्टिकचा. पोरगा तो लावूनच जेवून राहिला." तिने कपाळावरचा घाम पुसला. "तारखा अंगणवाडीच्या रजिस्टरात आहेत. नंदाबाईंनीच दिल्या म्हणतात सगळे. काऊन दिल्या असतील, आजी?"

फक्त रजिस्टरात नव्हत्या. आतल्या खोलीत टेबलावर, चष्म्याच्या घराखाली होत्या. भूमेश्वरीच्या मनात ते आलंसुद्धा नाही. इतका तिचा विश्वास होता.

"असेल कोणीतरी," सुशिलाबाई म्हणाल्या.

दोन शब्द. भूमेश्वरी उठून गेली आणि ते दोन शब्द ओसरीवर तसेच राहिले.

रविवारी सकाळी नंदाबाई स्वतः आली. अंगणवाडीत वीस वर्षं मुलांची वजनं करणारी, तोंडाने फटकळ, पण हाताने सढळ बाई. त्या दिवशी तिचं फटकळपण कुठे गेलं होतं कोण जाणे.

"मास्तरीनबाई, बोरिंगवर बाया माह्यासंगं बोलून नाई राहिल्या. टोल्यावरची दुर्पता तर तोंडावर म्हणाली, तुले किती देल्ले त्यायनं? मी त्या मान्साचं थोबाड बी पायलं नाई जी. तुमी सांगा ना त्यायले. तुमचं आयकतात."

सुशिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आता सांगावं. इथे दोघीच आहोत, आता सोपं आहे. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "उद्या सभेत सांगते."

"लई उपकार होतील." नंदाबाई उठली. "वाटी देता का माही? पाव्हणे येऊन राहिले."

वाटी घासून पालथी ठेवलेली होती. पण या गावात कोणाची वाटी रिकामी परत जात नाही. त्यात चिमूटभर साखर तरी घालतात. सुशिलाबाईंनी साखरेचा डबा उघडला. तळाला चमचाभरही नव्हती. बुधवारच्या दोन चहांत सगळी गेली होती, आणि दुकानात जायला गुडघा तयार नव्हता.

"राहू द्या जी, मंग नेतो," असं म्हणून नंदाबाई गेलीसुद्धा.

त्या दुपारी सुशिलाबाई शाळेची ओळख लिहायला बसल्या. 'आमच्या शाळेत दोन खोल्या आहेत,' असं लिहिलं आणि थांबल्या. आमच्या? त्यांची स्वतःची मुलगी रिंकी या शाळेत एक दिवसही बसली नव्हती. सहाव्या वर्षी तिला आजोळी गोंदियाला ठेवलं, नन्सच्या शाळेत. सुशिलाबाईंचा हट्ट. गुरुजी एकदाच म्हणाले होते, "मी लोकांच्या पोरांना शिकवतो, माझी मात्र शिकायला दुसरीकडे." पुन्हा कधी बोलले नाहीत. गावात दाखल्याच्या दिवसांत फिरताना हा माणूस कोणत्या तोंडाने दारं ठोठावत असेल, हा विचार त्यांना त्या काळी एकदाही शिवला नव्हता. आज शिवला.

त्यांनी 'आमच्या' तसंच ठेवलं. खोडायचं नव्हतंच.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात वीस-बावीस माणसं जमली. पुढे पुरुष, मागे बाया, आणि अगदी कडेला टोल्यावरून आलेली दुर्पता, मांडीवर तिची सहा वर्षांची मुलगी चंचल. नंदाबाई खांबाला टेकून उभी होती. तिच्या शेजारची सतरंजी रिकामीच होती.

सुशिलाबाईंनी पान वाचलं. "आमच्या शाळेत दोन खोल्या आहेत. पावसाळ्यात एक गळते, तेव्हा चारही वर्ग दुसरीत बसतात. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा लक्ष्मीचंद गुरुजींनी चुना आणि निळीने काढला आहे. त्यात नद्या बरोबर आहेत, रेल्वे थोडी वाकडी आहे. इथे मुलाला घरची भाषा बोलल्याबद्दल कोणी रागावत नाही. भूमेश्वरी मॅडम टोल्यावरच्या मुलांना पहिले सहा महिने गोंडीत मोजायला शिकवतात, मग मराठीत. दुपारी खिचडी मिळते. मूल दोन दिवस दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी मॅडम घरी येतात. शाळा घरापासून इतकी जवळ आहे, की आईने मारलेली हाक वर्गात ऐकू येते."

बाया हसल्या. शालीकराम मात्र मान हलवत उठला. आठांतला एक नातू त्याचा.

"लिवलं बेस, मास्तरीनबाई. पण तुमची रिंकी कोन्त्या शाळेत शिकली जी?"

"गोंदियाला. इंग्रजी शाळेत."

"मंग? आमी कायले नाई पाठवावं? तुमची पोरगी मॅडम, आमचे पोट्टे काय नांगरच धरतील?"

पुरुषांत हशा पिकला. भूमेश्वरी मध्ये पडायला पुढे झाली. सुशिलाबाईंनी हाताने तिला थांबवलं.

"बरोबर विचारलंस, शालीकराम. याचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण मला दुसरं सांगायचं आहे. त्या सरांना तुमच्या मुलांची नावं नंदाबाईने नाही दिली. मी दिली. तारखांसकट. माझ्या वहीतून."

हशा जागीच थांबला. चंचलने आईकडे पाहिलं.

"कायले?" दुर्पताने विचारलं. एवढंच.

"तो माझ्याशी इंग्रजीत बोलला म्हणून." हे असं उघड्यावर म्हटल्यावर किती लहान दिसतं, ते सुशिलाबाईंना पहिल्यांदाच कळलं. "बरं वाटलं मला. त्या नावांचं तो काय करील, याचा विचारच केला नाही. शनिवारी कळलं, तरी गप्प बसले."

"आमच्या टोल्यावर गाडी येत नाई," दुर्पता म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हे शाळा गेली त माही चंचल बकऱ्या चारंल. तुमाले इंग्लिश बोलाचं होतं त माणूस पाहाचा होता दुसरा."

 सुशिलाबाईंनी नंदाबाईकडे पाहिलं. नंदाबाई खांब सोडून पुढे आली होती.

"काल मी तुमच्या घरी येऊन रडली. तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

नंदाबाईने मान हलवली, जणू वजनकाट्यावरचा आकडा वाचला. चप्पल पायात घातली आणि निघून गेली. सभा तिथेच मोडली.  भूमेश्वरीने वाचलेलं पान सुशिलाबाईंच्या हातातून घेतलं. "रोज दुपारी एक तास येऊन इंग्रजी शिकवाल, आजी?" तिने विचारलं. आवाजात नेहमीचा गोडवा नव्हता. "तेवढं तर करा."

"येईन," सुशिलाबाई म्हणाल्या.

बुधवारी, सव्वीस तारखेला, शाळा उघडली. सकाळी इंग्लिश शाळेची पिवळी गाडी आली आणि पाटलाच्या चौकातून सहा मुलं घेऊन गेली. शालीकरामचा नातू खिडकीत बसला होता, टाय लावून. सुशिलाबाई शाळेच्या फाटकाशी मोजत उभ्या होत्या. जुने सोळा आले. टोल्यावरून दुर्पता तीन मुलं घेऊन आली, चंचल सर्वांत पुढे. एकोणीस.

प्रार्थना झाली. भूमेश्वरी हजेरीचं पान उघडून तशीच उभी राहिली. रस्ता रिकामा होता.

मग अंगणवाडीच्या बाजूने नंदाबाई येताना दिसली. दोन्ही हातांना एकेक मूल. दोन दिवस ती आठही घरांच्या उंबऱ्यांवर बसली होती, हे मागाहून कळलं. ज्या बायांनी बोरिंगवर तिच्याकडे पाठ फिरवली, त्यांच्याच उंबऱ्यांवर. सहा घरांनी ऐकलं नाही, दोघांनी ऐकलं. ती दोन्ही मुलं तिने भूमेश्वरीच्या स्वाधीन केली.

"घ्या, मॅडम. एकवीस करा."

परत जाताना ती सुशिलाबाईंच्या इतक्या जवळून गेली, की पदराला पदर लागला. सुशिलाबाई म्हणाल्या, "नंदाबाई..." पाऊल थांबलं नाही.

त्या संध्याकाळी सुशिलाबाईंनी वही उघडली. आधी दुरुस्ती लिहिली: 'एकोणीस तारखेला जे केले ते चूक होते. बावीस आणि तेवीस तारखेला गप्प राहिले, ती त्याहून मोठी चूक.' मग एकवीस मुलांची नावं लिहिली, दुपारच्या तासाला चंचलने पहिली तीन अक्षरं काढली तेही लिहिलं. भाताला वाफ आली तेव्हा एकच ओळ उरली होती.

किलोभर साखर आणली. नंदाबाईची वाटी अजून आपल्याकडेच आहे.