दिवाणामागची भिंत

सासूबाई दिवाणावरून उठायला तयार नव्हत्या, आणि त्या उठल्याशिवाय त्यांच्या पाठीमागचा वॉलपेपर निघणार नव्हता. बाकीच्या तिन्ही भिंती मी सकाळपासून एकटीने सोलल्या होत्या. कोमट पाणी मारायचं, कागद मऊ पडला की जुन्या उलथन्याने खरवडायचा. नवरा सातपूरला पहिल्या पाळीवर. मुलीला स्वयंपाकघरात बसवलं होतं; तिला उबळ आली की धावत जाऊन वाफेचं मशीन तिच्या तोंडाशी धरायचं आणि पुन्हा भिंतीकडे. घरातली ओल काढल्याशिवाय पोरीचा दमा आटोक्यात येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

हा गुलाबांचा कागद आमच्या लग्नात लावलेला. माझ्या माहेरच्यांना भिंतीची ओल दिसू नये म्हणून सासूबाईंनीच हट्टाने लावून घेतला होता. मला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपायचा. पण सासरे संध्याकाळी याच भिंतीला टेकून बसायचे, आणि त्यांच्या डोक्याच्या खोबरेलाचा गोल डाग कागदावर उमटला होता. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की तेवढा तुकडा राहू दे.

समजावून समजावून मी थकले. शेवटी माझा तोल गेला.

"आई, तुम्हाला डाग हवाय की नात?"

बोलून गेले आणि जीभ चावली. त्या उठल्या, पण खोलीबाहेर गेल्या नाहीत. मी डागाच्या कडेला नख घातलं. ओढावंही लागलं नाही, कागद आपोआप सुटून आला. मागची भिंत काळीकुट्ट होती. बुरशीचा इतका जाड थर बाकी कुठेच नव्हता. त्या वासाने मलाच खोकला आला.

सासूबाई जवळ येऊन बघत राहिल्या. सासऱ्यांची शेवटची वर्षं खोकण्यातच गेली होती, आणि घरात सगळे त्याचं खापर बिडीवर फोडायचे. सगळ्यांत जास्त त्याच.

"त्यांचा खोकला यामुळेच होता का गं?"

मला भीती वाटली. त्यांच्याकडे न बघताच मी घाईने म्हणाले, "नाही हो आई, बिडीचाच."

"बिडी त्यांनी केव्हाच सोडली होती," त्या म्हणाल्या. "मला सांगायचे. मी खरं मानलं नाही."