विहीणबाईंची टिकली

साऱ्या नाशिक जिल्ह्यात स्वतःच्या चेहऱ्याची चाकरी माझ्या विहीणबाईंइतकी कोणी केली नसेल. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. वय बासष्ट, राहायला पंचवटीत. मी चौथी शिकलेली, मखमलाबादला मळ्यात टोमॅटो आणि झेंडू तोडून म्हातारी झालेली बाई. मला तोंड म्हणजे पाण्याने धुवायचं आणि लुगड्याच्या पदराला पुसायचं एवढंच माहीत. त्यांचं तसं नाही. सकाळी कच्चं दूध, मग मसुराच्या डाळीचा लेप, मग काहीतरी पातळ पाण्यासारखं, त्यावर जाडसर मलम, आणि सगळ्यावर उन्हाचं क्रीम. हे उन्हाचं क्रीम त्या घरातल्या घरात, गॅससमोर उभं राहतानासुद्धा लावतात. मी म्हटलं, "इथं कुठलं आलं ऊन?" तर म्हणाल्या, "झळ ती झळच, विहीणबाई. कातडीला काय कळतं, सूर्य आहे का पोळ्यांचा तवा?"

त्या मला विहीणबाई म्हणतात आणि मी त्यांना. पंचवीस वर्षांत दोघींनी एकमेकींचं नाव घेतलेलं नाही.

बाजारात जाताना त्या तोंडाला रुमाल, डोळ्याला काळा चष्मा आणि कोपरापर्यंत हातमोजे घालतात. स्कूटरवरच्या पोरी बांधतात तसा तो रुमाल, पण यांच्याकडे स्कूटर नाही, या पायी जातात. एकदा गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात मी मेथीच्या जुड्या घेऊन बसले होते, तर ही अशी बाई येऊन माझा हात धरून उलटासुलटा करून बघायला लागली. मी चोर समजून ओरडले. शेजारची भाजीवाली काठी घेऊन उठली. तेव्हा रुमालाच्या आतून आवाज आला, "अहो, मी आहे! किती फुटलेत हात तुमचे, ग्लिसरीन दिलं होतं ना?" विहीणबाई कोणाचाही चेहरा बघायच्या आधी त्याच्या टाचा बघतात, मग मान. "बायका मान विसरतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या चेहऱ्याबद्दल त्यांचं मत त्यांनी पहिल्याच दिवाळीला सांगून टाकलं होतं, "नांगरलेलं रान आहे, पण जमीन चांगली आहे." मला राग आला नाही. खोटं नव्हतं ते.

द्राक्षं आली की आम्ही खातो, त्या अर्धी खातात आणि अर्धी कापून गालाला चोळतात. पाळी गेल्यावर बाईची कातडी रुसते, तिची रोज मनधरणी करावी लागते, असं त्या भिशीतल्या सगळ्या बायकांना समजावून सांगतात, आणि बायका ऐकतातही. पण कहर केला तो आमच्या एका नातलगाच्या दहाव्याला. नदीकाठी ऊन तापलेलं, गेलेल्या माणसाची बायको हुंदके देऊन डोळे चोळत होती. विहीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मला वाटलं, बरं झालं, काहीतरी धीराचं बोलतायत. जवळ जाऊन ऐकलं तर सांगत होत्या, "चोळू नका हो, चोळू नका. डोळ्यांखालची कातडी फार नाजूक. नुसतं टिपायचं, असं." गंमत म्हणजे ती बाई रडायची थांबली आणि टिपायला लागली.

अशा बाईच्या चेहऱ्यावर एकच गोष्ट मला खटकायची, ती म्हणजे टिकली. आधी साधी मसुराएवढी मरून रंगाची टिकली लावायच्या. मग ती वाटाण्याएवढी झाली. मग आठ आण्याएवढी, आणि गेल्या वर्षी तर सरळ रुपयाएवढी. लेप लावतानाही ती काढायच्या नाहीत. सगळं तोंड पिवळं आणि मध्ये ती टिकली, तळ्यातल्या खडकासारखी. मी लेकीला म्हटलं, "सासूबाईंचं वय वाढतंय तशी टिकली वाढतेय का गं?" आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

यंदा आमच्या नातीला, ऋतुजाला, लासलगावचं स्थळ आलं. पोरापोरीचं आधीच पसंत होतं, घरच्यांनी रविवारी येऊन बोलणी करायची राहिली होती. लेक नोकरीवर जाते, म्हणून मदतीला मी चार दिवस आधीच पंचवटीला जाऊन राहिले. गुरुवारी दुपारी विहीणबाईंनी वाफ घ्यायला काढली. पाहुण्यांसमोर बसायचं तर छिद्रं मोकळी हवीत म्हणे. एरवी त्या कडी लावून घ्यायच्या, त्या दिवशी मी दळण निवडत समोरच बसले होते. पातेल्यात उकळतं पाणी, डोक्यावरून जाड टॉवेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली, बाई बाहेर येईनात.

"विहीणबाई, गुदमराल ना!"

"जरा कपाटातलं टिकल्यांचं पाकीट द्या."

"बाहेर तर या आधी."

"टिकली पाण्यात पडली माझी. आधी पाकीट द्या म्हणते ना!"

आवाज रडका होता. मी पाकीट दिलं नाही, टॉवेल ओढला. घामाने निथळलेलं तोंड, आणि कपाळाच्या मधोमध पांढराफटक गोल डाग. पुसायला गेलं तरी पुसला जाणार नाही असा. त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ झाकलं.

"कोणाला सांगू नका. ऋतुजाचं होऊन जाऊ द्या."

"कधीपासून हाय हे?"

"दोन वर्षं झाली."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टर कोड म्हणाले तर? अजून कोणी म्हटलं नाहीये, तोवर ते नाही."

खोटं का बोलू, मला आधी नात आठवली, विहीणबाई नंतर. लासलगावच्या माणसांनी आजीच्या कपाळावर कोड बघितलं तर उठून जातील, हेच पहिल्यांदा मनात आलं. पाकीट परत त्यांच्या हातात द्यावं असंही वाटलं. मग मी त्यांच्याकडे नीट बघितलं. जगभरच्या बायकांच्या टाचा तपासणारी बाई दोन वर्षं स्वतःचं कपाळ मुठीत धरून बसली होती. एकाच घरात राहून त्यांच्या नवऱ्याला, आमच्या व्याह्यांना, ते दिसलं नाही, आम्हाला दिसलं ते हसण्यापुरतं.

"उद्या सकाळी डॉक्टरकडं," मी म्हटलं.

"बिनटिकलीची जाऊ रस्त्याने?"

"मी अकरा वर्षं मोकळ्या कपाळानं हिंडते. गळून नाय पडलं माझं कपाळ."

कातडीची डॉक्टरीण तरुण होती. रिक्षात तोंडाला बांधलेला रुमाल विहीणबाईंनी आत गेल्यावरसुद्धा सोडला नव्हता, तो मी सोडला. डॉक्टरणीने दिवा बंद केला, निळ्या उजेडाचा दुसरा दिवा कपाळावर धरला, मग ओठ, बोटं, कोपर, गुडघे, पाय, सगळं बघितलं. मी बाकावर बसून त्या रुमालाची घडी घालत होते.

"टिकली किती वर्षं लावता?"

"लग्नापासून. पाकिटातली तीसेक वर्षं."

"तिच्या मागच्या गोंदाने झालंय हे. तो तुमच्या कातडीला सोसत नाही, तिथला रंग उडालाय. आणि तुम्ही तो डाग झाकायला मोठी टिकली लावली, म्हणून डाग मोठा झाला. टिकली बंद करा. मलम देते. रंग हळूहळू येईल, पूर्ण येईलच असं मी म्हणत नाही."

"म्हणजे कोड नाही?"

"नाही. आणि असतं तरी कुणाला लागत नाही ते."

"नातीला काही..."

"गोंद नातीला वारशाने नाही जात, आजी."

विहीणबाई एकदम ताठ बसल्या. "आजी काय म्हणता? बासष्ट म्हणजे काही वय झालं?"

तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बाई ठीक आहे, हे मला डॉक्टरणीपेक्षा त्या बोलण्यावरून कळलं.

ऋतुजाचं जमलं, हेही सांगून टाकते, उगाच कोणाला घोर नको. रविवारी विहीणबाई मोकळ्या कपाळाने समोर बसल्या आणि चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. लासलगावच्या बाईंनी, मुलाच्या आईने, ऐकून घेतलं, मान हलवली आणि कांदेपोह्यांत मीठ कमी आहे म्हणाल्या. इतकंच. दोन वर्षांची भीती, आणि तिच्यासाठी पाहुण्यांनी एक घाससुद्धा थांबवला नाही.

पण माझ्या लक्षात राहिली ती शुक्रवारची दुपार. डॉक्टरकडून घरी आलो, तशा विहीणबाई चपला न काढताच मोरीत गेल्या. नळ मोठा सोडला. एरवी त्या गालांवर पाणी शिंपडायच्या, कपाळाला बोट लागू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी ओंजळीच्या ओंजळी भरून तोंडावर मारत होत्या, कपाळ तळहाताने चोळत होत्या, तोंडाने फुर्र फुर्र आवाज करत होत्या, लहान पोरीसारख्या. पदर भिजला, चपला भिजल्या, पाणी मोरीबाहेर वाहायला लागलं.

पाणी वाया गेलेलं मला खपत नाही. मी टॉवेल घेऊन दारात उभी राहिले आणि नळ वाहू दिला.