वाफेवरचं नाव

माणसाची जातपात जन्मात कधी विचारली नाही, पण रेडिओच्या व्हॉल्व्हला कूळ विचारल्यावाचून उंबरा ओलांडू दिला नाही, असा अख्ख्या सोलापुरात एकच गृहस्थ होता: आमच्या हिचे काका. गिरणीत टाइमकीपर होते, पण खरा जीव त्या काचेच्या नळकांड्यांत. भंगारवाले मूळ कारखान्याचं नाव पुसून वर भारी नाव छापतात, त्यामुळे छापलेल्या नावावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. आतले पत्रे, शेंड्यावरचा चंदेरी डाग भिंगातून न्याहाळायचे, मग काचेवर तोंडाची वाफ सोडायचे. पुसलेली जुनी अक्षरं क्षणभर वर यायची, आणि काका व्हॉल्व्हचं जन्मगाव सांगून मोकळे! त्यांच्या घरी व्हॉल्व्ह पुसायला सक्त मनाई होती. लग्नानंतर नव्या उत्साहात मी एक रुमालाने लख्ख पुसून दिला, तर एवढंच म्हणाले, "जावईबापू, बापाचं नाव पुसलंत की हो." त्या दिवाळीला आहेर मिळाला, पण रेडिओला काही हात लावू दिला नाही.

असा हा माणूस स्वतःच्या लेकीच्या बाबतीत मात्र दगड झाला होता. शालू गाणं शिकायला, त्यांचं न ऐकता, पुण्याला निघून गेली आणि घरात तिचं नाव काढायची बंदी झाली. मग हिच्याकडे निरोप आला, की शालू पुण्याच्या रेडिओवर संध्याकाळी गाणार आहे. काकूंनी ते काकांना ऐकवलं. काकांनी भिंग उचललं आणि एक जुना व्हॉल्व्ह न्याहाळायला घेतला. आणि नेमका त्याच दुपारी रेडिओ बसला. एक व्हॉल्व्ह गेला होता, आणि त्या नंबरचा दुसरा घरात नव्हता. शेजारी जाऊन ऐका म्हटलं, तर काकू म्हणाल्या, लेकीचा आवाज परक्याच्या घरी ऐकायचा नाही मला.

मी सायकल हाणत मंगळवार बाजारात गेलो आणि भंगारातून त्याच नंबरचा व्हॉल्व्ह शोधून आणला. काकांनी भिंग लावलं. वाफ सोडली, बराच वेळ बघत राहिले, चष्मा पुसला, पुन्हा वाफ सोडली. त्यांना आपल्या सेटला हॉलंडच्या कारखान्याचा सोडून दुसरा व्हॉल्व्ह चालत नसे. "ओळख पटत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, आजच्यापुरता कसलाही चालेल. तर म्हणे बेवारशी व्हॉल्व्ह या सेटला लागायचा नाही. घड्याळ पुढे चाललेलं, काकू देवापाशी दिवा लावून दारात उभ्या, आणि हे आपले भिंग फिरवतायत! माझं डोकं असं तापलं होतं, की वडीलधारे नसते तर हातातून हिसकावून घेतला असता.

शेवटी काकू पुढे आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी.

"अहो, लेक तरी आपलीच आहे ना? मग व्हॉल्व्ह कुणाचा का असेना."

काकांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी व्हॉल्व्ह बसवला. तो तापायला नेहमीइतकाच वेळ लागला, पण जीव टांगणीला लागला आमचा. खरखर झाली आणि तिच्यातून हळूहळू शालू वर आली. शेवटचं कडवं चाललं होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला. गाणं संपलं आणि निवेदिकेने गायिकेचं नाव सांगितलं: शालिनी, पुढे काकांचं नाव, मग आडनाव. काका भिंतीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "पुण्याची गाडी सकाळी कितीला असते?"

काका आता नाहीत. रेडिओ मोडीत गेला, पण तो व्हॉल्व्ह काकूंनी मला दिला. परवा सहज त्याच्यावर वाफ सोडली. हॉलंडच्या कारखान्याचं नाव असं ठळक उमटलं, की माझ्यासारख्या अडाण्यालाही वाचता आलं. काकांनी ते पहिल्याच वाफेला वाचलं असणार. लेकीच्या आवाजाला एवढा भ्याला होता हो माझा म्हातारा. व्हॉल्व्हवर आता धूळ बसलीय, पण मी तो पुसत नाही.