आक्काच्या हाताची काठी

मोजणी खात्यातली आम्ही मंडळी एकत्र बसलो की जमीन राहते बाजूला आणि किस्सेच निघतात. साखळी गुंडाळून ठेवता येते, किस्से कुठे ठेवणार?

सन पंचवीसच्या सुमारास मी बोटीने रत्नागिरीला उतरलो. पुण्यात शिकलेलो, डोक्यात एकर-गुंठे पक्के. पूर्णगडच्या बाजूला एकाला विचारलं, शेत केवढं? म्हणाला, दीड मणाचं. म्हणजे दीड मण बी लागतं तेवढं. शेजारी म्हणाला, याच्या बापाच्या वेळी तेच शेत दोन मणांचं होतं. मी चिडलोच. अर्ध्या मणाची जमीन गेली कुठे?

"जातेय कुठे? बापूस सैल हाताने पेरी," मालक म्हणाला.

गणपतीपुळ्याजवळचे एक बागायतदार जमीन सांगत ती आंब्याच्या कलमांवर. वादळात बरीच कलमं पडली, तर हे कचेरीत हजर, कागदावरची जमीन कमी करा म्हणून! जमीन आहे तिथेच आहे, हे मी घसा सुकेपर्यंत समजावलं. त्यांनी सावकाश पान जुळवलं.

"साहेब, नुसत्या कातळाला जमीन कोण म्हणतो?"

पण केळशीकडच्या वाटणीला तोड नाही. म्हाताऱ्याने मरताना सांगितलेलं, दोन्ही मुलांना शेताच्या दोन टोकांकडून वीस-वीस काठ्या, मध्ये उरेल ते विधवा मुलीला, आक्काला. काठी म्हणजे पाच हात आणि वर पाच मुठी; हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. म्हाताऱ्याची स्वतःची काठी वाळवीने खाल्लेली. आता नवी कापायची ती कुणाच्या हाताने? हात लांब तर काठी लांब, आणि आक्काचं शेत तेवढं कमी.

गावकरी म्हणाले, थोरल्याच्या हाताने, रिवाजच तसा. थोरला गणू ताडमाड उंच. त्याच्या काठीने आक्काला नुसता बांधच उरला असता. मी माझी साखळी पुढे केली, पण घरच्या वाटणीत सरकारी साखळी कुणालाच नको होती. आक्का खाली मान घालून बसलेली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात गणू उठला. "आमच्यात थोरली आक्का. काठी तिच्या हाताची."

आक्का जेमतेम त्याच्या कोपराएवढी! माझा जीव भांड्यात पडला. धाकट्या विठूने लगेच बांबू आडवा ठेवला आणि आक्का हात मोजायला बसली. एक हात झाला की बोटाशी खूण, पुढच्या हाताचं कोपर त्याच खुणेवर. पण ही बाई दर वेळी कोपर टेकवायची ते खुणेच्या चांगलं चार बोटं पुढे, म्हणजे काठी तेवढी लांब. विठू शेजारी उकिडवा बसून बघत होता. शेवटी तो वैतागला.

"आक्का, कोपर मागे घे गो!"