ओली चादर आणि समोरची खिडकी

आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्याच्या दुपारी कोणी कोणाचं दार वाजवत नाही. जेवणं आटोपली की खिडक्या लागतात, दाराला आतून कडी बसते, कूलरची घरघर सुरू होते आणि अख्खी गल्ली कुठेतरी खोल बुडाल्यासारखी वाटायला लागते. त्या वेळी दारावर थाप पडली तर समजायचं, एक तर बाहेरगावचा पाहुणा आहे, नाहीतर वाईट बातमी. लहानपणी मला वाटायचं, दुपारी सगळं गाव एकच स्वप्न पाहतं आणि ते मोडू नये म्हणून सगळे हळू चालतात. अजूनही अधूनमधून तसं वाटतं.

मी अकोल्याला जठारपेठेत राहते. आई अमरावतीला, आमच्या जुन्या घरात, बाबा गेल्यापासून एकटी. भाऊ पुण्याला. त्याने फोन करून एक दिवस फर्मान काढलं, "आईला आता कायमची इकडे आणू या. एकटीला काही झालं तर?"

हे 'काही' म्हणजे नेमकं काय, ते त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "मले कुठी जायाचं नाई." पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती एकदा महिनाभर राहून आली होती. परतल्यावर कितीतरी दिवस ती अंगणातच बसून असायची, जणू अंगण कोणी उचलून नेईल. त्या घरातून तिला उपटून नेलं तर ती वाळून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी भावाशी तह केला. या उन्हाळ्यात मी आईच्या घरी संकटाची सगळी तयारी करते. तुला पटली तर आई तिथेच राहील, नाहीतर मे संपता संपता तू येऊन घेऊन जा.

आता मी जात्याच चिंतातुर जंतू. तयारी करायची म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहायला बसले. दुपारी, कूलरसमोर, डोळे मिटत असताना. भूकंप कसा ओळखावा, पुरात गच्चीवर काय न्यावं, ढिगाऱ्याखालून हाक कशी द्यावी. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, पंख्याचा आवाज आणि ते सगळे प्रलय एकमेकांत मिसळून जायचे. अर्धवट झोपेत आईचा दिवाण पाण्यावर तरंगत बडनेऱ्याच्या दिशेने निघालेला दिसायचा आणि ती त्यावर मांडी घालून निवांत गवार मोडत असायची. मी काठावरून ओरडायचे. ती हात हलवून म्हणायची, ऊन उतरलं की येते. जाग आली की मी आणखी एक वस्तू विकत आणायचे.

अशी पिशवी भरली. टॉर्च, शिटी, दोरी, पॉवर बँक, बिस्किटं, औषधं आणि जाड तळाची रबरी चप्पल. ती चप्पल पलंगाशी ठेवायची, कारण भूकंपात काचा फुटतात. एवढं सगळं घेऊन एसटीने अमरावतीला पोचले.

आईने एकेक वस्तू बाहेर काढून सोफ्यावर मांडली.

"अन् हे शिटी कायले व?"

"ढिगाऱ्याखाली अडकलं तर वाजवाले."

तिने वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोनाच्या ढिगाऱ्याखाली?"

चप्पल पाहून मात्र ती हसत सुटली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. देव्हाऱ्याला लागून पलंग, आणि तिथे चप्पल! भूकंप आला तर येऊ दे म्हणाली, पण घरात चप्पल येणार नाही. पिशवी दिवाणाखाली सरकवली गेली. मला राग आला, पण भूक त्याहून जास्त लागली होती.

जेवणं झाल्यावर आईने नेहमीचं काम केलं. जुनी निळी चादर बादलीत बुडवून, थोडी पिळून, ओसरीच्या खिडकीला बाहेरून टांगली. उन्हाळाभर रोज दुपारी ती टांगते आणि चहाच्या वेळी उठली की काढते. मग कडी लावली. खोलीत निळसर, पाण्यासारखा उजेड झाला. कूलरमध्ये पाणी किती उरलंय हे पाहायला तिने चालत्या कूलरमध्ये हात घातला, झटकन बाहेर काढला आणि बोटं चोळत म्हणाली, "जरासा चावते."

आमच्याकडे कूलर चावतोच. त्याच्या लोखंडाला करंट उतरतो हे घराघरात माहीत असतं आणि पाळलेल्या मांजराने ओरखडावं तसं लोक ते चालवून घेतात. मी पण त्याच झिणझिण्यांवर वाढलेली. पण भूकंपाची चप्पल आणलेल्या मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, की संकट बाहेरून यायचं राहिलेलंच नाही, ते इथे खिडकीत बसून आम्हाला गार वारा घालतंय.

आम्ही दोघी फरशीवर चटई टाकून आडव्या झालो. मी डोळे मिटूनच विचारलं, "आई, या घरात आजवर काय काय झालं?"

ती पण डोळे मिटूनच सांगत गेली. पावसाळ्यात न्हाणीत साप निघाला होता. उंदरांनी गॅसची नळी कुरतडली होती. वादळात शेजारच्या छपराचं टिन उडून आमच्या लिंबावर अडकलं होतं आणि कितीतरी दिवस वाऱ्याने वाजत होतं. तिचा आवाज कूलरच्या घरघरीत कधी बुडत, कधी वर येत होता. मला ते सगळं फार दूरच्या कुणाच्या घरातलं वाटत होतं, गोष्टीतलं.

"अन् मागच्या उन्हाळ्यात मी पडली होती न," ती त्याच सुरात म्हणाली. "इथीच, कूलरपाशी. चक्कर आली. उठली तं संध्याकाळ झाली होती."

माझी झोप खाडकन उतरली. "अन् कोनाले कळलं नाई?"

"कसं कळन? कडी लावलेली. अन् दुपारी कोन येते?"

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी मले पुन्याले नेलं असतं."

मी छताकडे पाहत पडून राहिले. मला भीती वाटली, खरीखुरी. पूर, भूकंप यांची वाटली होती ती सगळी भीती हौशी होती. माझी आई बंद दाराआड त्या निळ्या उजेडात तासन्‌तास पडून होती, चादर सुकून कडक झाली होती आणि सगळी गल्ली अदबीने झोपली होती. जे एकदा घडलं ते पुन्हा घडू शकत होतं. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन बोलावून कूलरला अर्थिंग करून घेतलं. पाणी पाहायच्या आधी बटण बंद करायचं, ही शपथ आईला घ्यायला लावली. दुपारी उशाशी मीठसाखरेच्या पाण्याचा तांब्या ठेवायचा हेही ठरलं. पण कडीचं काय करायचं?

संध्याकाळी आम्ही समोर राहणाऱ्या खालांकडे गेलो. खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली त्यांना तसंच म्हणते. खाला ब्लाऊज शिवतात. त्यांची मशीन खिडकीशी, आमच्या ओसरीच्या बरोब्बर समोर. दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून त्या तेव्हाच कामाला बसतात. आमच्या गल्लीत दुपारची जागी असलेली ती एकच खिडकी. मी त्यांना सांगितलं, चहाच्या वेळेपर्यंत चादर निघाली नाही तर येऊन पाहा.

"दुपारी दार वाजवू?" खाला संकोचल्या. "अन् भाभी झोपल्या असल्या तं?"

"हे पोरगी अशीच हाय," आई म्हणाली. "तुमाले कायले त्रास?"

दोघींनाही पडण्यापेक्षा झोपमोडीची चिंता जास्त होती. शेवटी मीच हट्टाने बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवलं, आईने कडी न लावण्याचं कबूल केलं आणि दुसरी किल्ली खालांच्या मशीनच्या खणात गेली. "फिकर नको करू बेटा, मी पाहून घेते," त्या म्हणाल्या.

भावाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे सगळी भिस्त एका चादरीवर?" मग म्हणाला की त्याने मेअखेरचं तिकीट काढलंय. मी अकोल्याला परतले. दुपार झाली की माझ्या मिटल्या डोळ्यांसमोर ती निळी चादर हलत राहायची. कधी निघायची, कधी निघायचीच नाही.

मे महिन्यात, ऊन अगदी भाजून काढत होतं तेव्हा, एका दुपारी फोन वाजला. खाला होत्या. त्यांना धाप लागली होती.

"घाबरू नको बेटा. आई एकदम ठीक हाय. पन मले लय राग आला हाय."

आईने फोन घेतला. मग म्हणाली, "चादर मी मुद्दाम नाई काढली."

"काहून?"

"पाहाचं होतं मले. कोनी येते का नाई." ती सांगत होती आणि मला ती खोली दिसत होती. कूलर बंद करून ती पडून राहिली. कशाचा म्हणून आवाज नव्हता. चादर सुकत गेली, उजेड पांढरा होत गेला. "मले वाटलं, नाईच येत कोनी. मंग पुन्याले जाचं, असं मनात धरलं होतं. माय व, अन् किल्ली फिरली."

मी तिला रागावले. बरंच काही बोलले. ती ऐकून घेत होती, हे तिच्या स्वभावात नाही.

"अनवानी आली व ते," आई म्हणाली. "सिमेंटचा रस्ता तव्यावानी तापला अन् अनवानी धावत आली. पायाले फोड आले तिच्या. बादलीत पाय बुडवून बसवलं हाय मी तिले. म्हटलं, चप्पल तरी घालाची. तं म्हन्ते, चप्पल शोधत बसली असती तं?"

मग आम्ही तिघी रडलो. खाला रडता रडताही आईला बोलत होत्या, ते मला फोनमधून ऐकू येत होतं.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. पुण्याला दारावर कोण धावत येईल, हे मी त्याला विचारलं नाही. त्याने तिकीट रद्द केलं.

माझी पिशवी अजून दिवाणाखालीच आहे. शिटी कोणी वाजवलेली नाही, बिस्किटं आईने पाखरांना घातली. चप्पल तेवढी तिने स्वतः बाहेर काढली आणि समोर नेऊन दिली. ती आता खालांच्या मशीनखाली, दाराकडे तोंड करून ठेवलेली असते. घरातल्या कोणालाही ती घालू देत नाहीत, खाला स्वतःसुद्धा बाजाराला जाताना जुनीच घालतात.