किसन गुरुजींची शंका

किसन गुरुजींची अन् मायी पहिली ओळख भांडणातली. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात असं लिहू नये म्हणतात, पण मले गोड लिहिता येत नाही.

गुरुजी शाळेत मास्तर अन् सुट्टीच्या दिवशी कबड्डीचे पंच. संग्रामपूरच्या मैदानावर सामना होता. गिरणीचे साहेब पाहाले आले होते; जिंकणाऱ्यांमधला एक गडी ते गिरणीच्या संघात, म्हणजे पक्क्या नोकरीवर, घेणार होते. माया पोरगा सुदाम शेवटच्या चढाईले गेला अन् दोघांना शिवून परत आला. आमचे लोक नाचू लागले. तेवढ्यात गुरुजींनी शिट्टी फुंकली अन् सगळ्यांदेखत इचारलं, "सुदाम, दम मधातच तुटला का?"

"हो गुरुजी, तुटला."

दम तुटला की गडी बाद. सामना गेला, नोकरी गेली. "मुकाट राहता येत नव्हतं काय बे?" म्हणत आमच्याच गड्यांनी त्याले ढकललं. मी गुरुजींपुढं जाऊन उभी राह्यले. "एवढ्या आरड्यात कोणाले ऐकू आलं होतं? इचारलं काऊन? माया लेकराचं वाटोळं केलं तुम्ही!"

"मले शंका आली, बाई. दोष असंल तं माया," गुरुजी म्हणाले.

सुदाम मंग विहिरी खोदाले जाऊ लागला. त्याच उन्हाळ्यात दरड ढासळली, तो खालीच राह्यला. गुरुजी कमरेले दोर बांधून उतरले अन् त्याचं मढं वर घेऊन आले. मी तिथंही त्यांना शिव्या देल्या. त्यांनी मान खाली घालून ऐकल्या. पुढं सुदामच्या पोरीले त्यांनी मॅट्रिकपर्यंत शिकवलं. तिच्या मागं बसून मीही अक्षरं गिरवली. शिव्या चालूच होत्या.

या ग्रंथासाठी नात त्यांच्याकडं माहिती घ्याले गेली, तवा ते म्हणाले, "हा मान माया नाही, तुया बापाचा हाये." शिट्टीच्या आधी सुदामच त्यांच्या कानाशी आला होता. "गुरुजी, माया दम तुटला. पण माय समोर बसली हाये." म्हणून माया राग आपल्यावर घ्याले गुरुजींनी मोठ्यानं इचारलं अन् इतकी वर्सं मायाशी खोटं बोलले.

बरं केलं. खरं कळलं असतं तं मी सुदामले त्या दिवशी जेवू घातलं नसतं. मी मले ओळखते.

गुरुजी, तुम्ही लय वर्सं जगा, धडधाकट जगा. गुडघ्याले तेल लावत जा. अन् उद्याच घरी या. मायं लेकरू कानाशी आलं तवा त्याचं तोंड कसं होतं, ते तुमच्याशिवाय कोणी पाह्यलं नाही. मले सगळं सांगा.